कण्यांच्या कविता : पुस्तकं रचता रचता सापडलेल्या ओळी

घंटाळीकर | शनिवार, रात्री १०.५०

आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. ठाण्यात नौपाड्यातलं चाळीस वर्षांचं घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं आहे आणि भाड्याची जागा मिळाली ती घोडबंदर रोडला, वन बीएचके. भांडीकुंडी, कपडे, गाद्या यांचं दोन दिवसांत आटपलं. अडलं ते आईच्या पुस्तकांपाशी. पहिल्या पगारापासून तिने एकेक करून घेतलेली पुस्तकं. मोजली तर नऊशेच्या वर भरली.

काल दुपारी मी कपाटातून काढून देत होते आणि आई जमिनीवर बसून कोरड्या फडक्याने पुसून आडवी रचत होती. एका थप्पीपाशी तिचा हात थांबला. "हे वाच गं," म्हणाली. मी वाकून कण्यांवरची, म्हणजे पुस्तकांच्या पाठीवरची, नावं वाचली. वरून खाली असं होतं :

आहे मनोहर तरी
एकेक पान गळावया
रात्र काळी घागर काळी
आहे हे असं आहे

मुद्दाम लावलेलं नव्हतं. हाताला आली तशी ठेवलेली चार पुस्तकं. त्यानंतर आमचं बांधाबांधीचं काम थांबलं ते थांबलंच. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघी जमिनीवर बसून नुसत्या पुस्तकं खालीवर करत होतो. साडेसातला आईने हे लावलं आणि माझ्याकडे न बघता उठून चहा टाकायला गेली :

सांगत्ये ऐका
ही वाट एकटीची
दुस्तर हा घाट
आहे मनोहर तरी

आई चौतिसाव्या वर्षी एकटी राहिली. तिला विचारूनच इथे लिहिते आहे. फोटो चढत नाहीये, म्हणून ओळी टाइप केल्या.

हा खेळ आम्ही शोधला असं मुळीच नाही. निना कॅचाडोरियन ही अमेरिकन दृश्यकलाकार १९९३ पासून हे करत आली आहे. लोकांच्या घरी, ग्रंथालयांत जायचं, कपाटातली पुस्तकं बघायची, निवडक काढून अशी रचायची की कण्यांवरची नावं ओळीने वाचली जावीत, आणि त्याचा फोटो घ्यायचा. त्या मालिकेचं नाव 'सॉर्टेड बुक्स'. मला तिच्या कामातलं सगळ्यात आवडलेलं हे की ज्याची पुस्तकं असतात त्याचं चित्र त्या थप्पीतून उभं राहतं. आईच्या थप्पीत मला तेच दिसलं. एवढी वर्षं त्या कपाटासमोरून जाते आहे, पण तिने काय काय आणि का घेतलं हे कधी एका दमात वाचलं नव्हतं.

आम्ही ठरवलेले नियम तीनच. नाव कण्यावर आहे तसंच घ्यायचं. मधे एकही शब्द घालायचा नाही. आणि पुस्तक घरातलंच हवं, आठवणीतलं नको. तुमच्याकडे काय निघतं ते लिहा ना.

ऐरोलीकर | शनिवार, रात्री ११.२०

आईंना नमस्कार सांगा. दुसरी कविता तीनदा वाचली.

मी रोज ट्रान्सहार्बर लोकलने जातो, ठाण्याला बदलून पुढे. आत्ता उठून कपाट उघडलं आणि दहा मिनिटांत हे सापडलं :

सात सक्कं त्रेचाळीस
खूप लोक आहेत
सारे प्रवासी घडीचे

किरण नगरकरांच्या कादंबरीचं नाव पाढ्याचं आहे, चुकलेल्या पाढ्याचं. पण ठाणे स्टेशनात उभ्या राहणाऱ्या माणसाला ते सात त्रेचाळीसच वाटतं. कितीदा ते पुस्तक हातात घेतलं, पण गाडीची वेळ त्यात आज पहिल्यांदा दिसली.

जुनी वही | रविवार, सकाळी ७.१५

धागा वाचून फार बरं वाटलं. बावीस वर्षं मी एका ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर काम केलं आहे, म्हणजे माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा पुस्तकांचे कणे जास्त पाहिले. काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो, कारण नवीन माणूस इथेच अडतो.

पहिली अडचण दिशेची. इंग्रजी पुस्तकांच्या कण्यावर नाव बहुधा वरून खाली उतरतं. असं पुस्तक मुखपृष्ठ वर करून आडवं ठेवलं की नाव सरळ वाचता येतं. मराठीत दोन्ही प्रकार चालत आले आहेत. जुन्यांत नाव खालून वर चढलेलं पुष्कळ सापडतं. अशा पुस्तकाला थप्पीत पालथं घालावं लागतं. काही जाड ग्रंथांवर नाव आडवं, दोनतीन ओळींत तोडून छापतात. ते थप्पीत मान वाकडी करून वाचावं लागतं, त्याला इलाज नाही.

दुसरी अडचण बांधणीची. ग्रंथालयातलं पुस्तक हातोहाती फिरून सुटं झालं की बाइंडरकडे जातं. तो मूळ कव्हर काढून कापडी किंवा रेक्झिनचा पुठ्ठा चढवतो आणि कण्यावर चिठ्ठी डकवून हाताने नाव लिहितो. जागा पुरली नाही तर नाव आखडतं. वर दाखल क्रमांकाचं लेबल नेमकं पहिल्या अक्षरावर बसतं. असे कितीतरी कणे मी स्वतः झाकले आहेत, आणि आज तुमची थप्पी वाचून ते एकेक डोळ्यांपुढे आले.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात लागते. कवितासंग्रह बहुतेक पातळ. साठ-सत्तर पानांच्या पुस्तकाला कणाच इतका अरुंद असतो की त्यावर नाव मावत नाही, मग कोराच राहतो. म्हणजे कण्यांच्या कवितेत कादंबऱ्या येतात, आत्मचरित्रं येतात, नाटकं येतात आणि कवी बाहेर राहतात. माझ्या घरी इंदिरा संतांचे 'शेला', 'मेंदी' आणि 'मृगजळ' शेजारी शेजारी आहेत. तिन्ही कणे कोरे. तीन शब्दांत अख्खं आयुष्य मांडलेलं, पण थप्पीतून ते कुणाला वाचता येणार नाही.

मोगरा | रविवार, सकाळी ९.०५

जी. ए. कुलकर्णींची पुस्तकं एकावर एक ठेवा, काही करावंच लागत नाही.

पिंगळावेळ
काजळमाया
सांजशकुन
रमलखुणा

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ११.४०

मोगरा, नावं सुंदरच आहेत. पण ती ओवलेली नाहीत, नुसती शेजारी बसली आहेत. मला वाटतं या धाग्यातला खरा प्रश्न इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत नुसती नामं एकाखाली एक ठेवली की यादी होते, वाक्य होत नाही. 'घर' आणि 'पाऊस' ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली असं समजा. पाऊस घरात शिरला, घरावर पडला की घरापासून लांब राहिला? आपल्याकडे हे सगळं प्रत्यय सांगतो, आणि प्रत्यय काही कण्यावर चिकटवता येत नाही. इंग्रजीत शब्दांच्या जागेवरून बराच अर्थ लागतो, मराठीत शब्दाचं शेपूट बघावं लागतं. म्हणून ज्या नावांत प्रत्यय आधीच शिवून आला आहे ती आपल्यासाठी सोन्यासारखी. गो. नी. दांडेकरांचं 'त्या तिथे रुखातळी' घ्या. त्यातल्या 'तळी'ने जागा दिली. आता खाली कुणालाही बसवा :

त्या तिथे रुखातळी
पक्षी जाय दिगंतरा

दोन वेगळ्या माणसांची पुस्तकं, आणि वाक्य एकच.

दुसरं, क्रियापद. ते आपल्याकडे वाक्याच्या शेवटी येतं, म्हणजे थप्पीत तळाला. वरच्या सगळ्यांचा भार ते घेतं. क्रियापद असलेली नावं फार थोडी, मी सकाळपासून माझ्याकडची काढून वेगळी ठेवली : 'आहे हे असं आहे', 'खूप लोक आहेत', 'देव चालले', 'मरण स्वस्त होत आहे', 'हे सर्व कोठून येते', 'उत्सुकतेने मी झोपलो', 'काय वाट्टेल ते होईल'. एवढी हाताशी असली तर घरातलं निम्मं कपाट बोलायला लागतं.

आणि घंटाळीकर, तुमच्या आईंच्या दोन्ही थप्प्यांमध्ये एक गोष्ट आहे ती तुमच्या लक्षात आली का? 'आहे मनोहर तरी' पहिल्यांदा वर आहे, दुसऱ्यांदा तळाला. वर असताना 'तरी' पुढे खेचतं : सुंदर आहे, पण... आणि मग पान गळतं, रात्र येते. तेच पुस्तक तळाला गेलं की 'तरी' मागे वळतं : घाट दुस्तर आहे, एकटीची वाट आहे, आणि तरीही मनोहर आहे. एक अक्षर बदललं नाही. फक्त पुस्तकाची जागा बदलली आणि तक्रारीची कबुली झाली. आईंनी हे ठरवून केलं की हातून झालं, माहीत नाही. पण मी शाळेत तीस वर्षं अव्यय शिकवलं आणि 'तरी' इतकं स्वच्छ कधी समजावून सांगता आलं नाही.

'सांगत्ये ऐका' वर ठेवण्यातही तेच. 'सांगत्ये' म्हटल्याबरोबर बोलणारी बाई झाली, आणि खालच्या तिन्ही ओळी तिच्या झाल्या.

तलावपाळी | रविवार, दुपारी १.१०

पाटीपेन्सिल ताई, 'तरी'वरचं वाचून अंगावर काटा आला.

माझी भर. २०१० च्या डिसेंबरात ठाण्यात ८४ वं साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष उत्तम कांबळे होते. त्यांचं 'वाट तुडवताना' मी त्याच सुमारास घेतलं. आज आईंच्या कवितेला उत्तर म्हणून लावलं :

ही वाट एकटीची
वाट तुडवताना
खूप लोक आहेत

नवखा | रविवार, दुपारी २.३०

मधे 'आणि', 'पण', 'मग' अशा चिठ्ठ्या कापून खोचल्या तर चालेल का? माझ्याकडे पुस्तकं जेमतेम चाळीस आहेत, क्रियापदवालं एकच.

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी २.५५

माझं मत नको. चिठ्ठी घातली की ती ओळ तुमची होते, पुस्तकांची राहत नाही. चाळीस पुरेशी आहेत. सगळी जमिनीवर मांडा, कपाटात ठेवून सुचत नाही. मोठ्याने वाचा. नाहीच जमलं तर शेजाऱ्याकडून एखादं मागून आणा.

ऐरोलीकर | रविवार, संध्याकाळी ५.४५

घंटाळीकर, तुमच्या घरासाठी एक लावली :

वाडा चिरेबंदी
झाडाझडती
स्थलांतर
उपरा

रबाळे नाका | रविवार, संध्याकाळी ६.२०

ऐरोलीकर, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय. पण शेवटचं पुस्तक मला खटकलं आणि का ते सांगतो.

'उपरा' लक्ष्मण माने यांचं आत्मकथन, १९८० चं. कैकाडी समाजातल्या पोराचं, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या घराचं. ज्यांना परत जायला गावच नाही, त्यांचा तो शब्द आहे. 'झाडाझडती' धरणग्रस्तांची. पुनर्विकासात घर सोडताना जीव तुटतो हे मी नाकारत नाही, आमचीही इमारत त्याच रांगेत आहे. पण आपल्याला भाडं मिळतं, करार असतो, दोनचार वर्षांनी का होईना त्याच जागी नवं घर मिळणार असतं. त्या माणसांना ते नव्हतं. कण्यावरचा शब्द एकटा घेतला की त्याच्या पोटातली तीनशे पानं गळून पडतात. हलक्या शब्दाचं एक वेळ चालेल, या शब्दाचं नाही चालणार.

माझं म्हणणं असं नाही की ही पुस्तकं थप्पीत घेऊच नका. उलट घ्या, पण वाचून घ्या. माझ्याकडची ही दोन :

जेव्हा मी जात चोरली होती
रात्रंदिन आम्हा युद्धाचा प्रसंग

वरचा बाबुराव बागुलांचा कथासंग्रह, १९६३ चा. खालची कमल देसाईंची कादंबरी, तिचं नाव तुकोबांच्या अभंगातून आलेलं. 'जेव्हा'ला 'तेव्हा' लागतो, तो इथे लिहिलेला नाही, तरी ऐकू येतो. माझे वडील कंपनीत लागले तेव्हा दोन वर्षं आडनाव अर्धंच सांगायचे. ही दोन पुस्तकं मी एकमेकांवर ठेवली आणि पुन्हा वेगळी करून कपाटात लावली नाहीत. टेबलावर तशीच आहेत.

ऐरोलीकर | रविवार, संध्याकाळी ७.००

पटलं. 'उपरा' माझ्याकडे आहे, पण कॉलेजात चाळलं होतं, पुरतं वाचलेलं नाही. थप्पीतून काढून उशाशी ठेवलंय. तुमच्या दोन ओळींपुढे मला काही लिहिता येत नाही.

घंटाळीकर | रविवार, रात्री ९.३०

रबाळे नाका, बरं झालं लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, नियमात चौथा घाला : न वाचलेलं पुस्तक थप्पीत घ्यायचं नाही. घातला. ऐरोलीकरांच्या थप्पीच्या तळाशी तिने गौरी देशपांडेंचं 'मुक्काम' ठेवलं आणि 'झाडाझडती' उचलून बाजूला केलं. आता आहे ती अशी :

वाडा चिरेबंदी
स्थलांतर
मुक्काम

आमच्या घराला एवढं पुरे, म्हणाली.

जुनी वही काका, कोऱ्या कण्यांचं वाचून आईने लगेच कपाटाचा खालचा कप्पा उघडला. सतरा कवितासंग्रह निघाले, चौदांचे कणे कोरे. ती कागदाच्या बारीक पट्ट्या कापून त्यांवर नावं लिहून देणार आहे. चिकटवायच्या नाहीत, पुस्तकातून बाहेर डोकावतील अशा खोचायच्या. नाव पुस्तकाचंच आहे, त्यामुळे नियम मोडत नाही असं तिचं म्हणणं. पाटीपेन्सिल ताई, तुम्हाला चालेल ना?

पाटीपेन्सिल | रविवार, रात्री ९.४०

चालेल काय, धावेल. पुस्तकाला त्याचं स्वतःचं नाव परत देणं ही भर नाही.

सेक्टर सतरा | सोमवार, दुपारी ४.१५

मी कोपरखैरण्यात आठवीला मराठी शिकवते. धागा वाचून आज ऑफ तासाला वर्गातल्या पेटीतली पुस्तकं बाकांवर मांडली. तीसेक असतील. चार चार मुलांचे गट केले आणि फक्त म्हटलं, वरून खाली वाचल्यावर काहीतरी सांगितलं गेलं पाहिजे.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट. मग एकेक गट शांत होत गेला, कारण मुलं कणे वाचत होती, आणि वाचता वाचता "बाई, हे कशावर आहे?" सुरू झालं. एरवी पेटी उघडल्यावर मी सांगते आणि ती ऐकतात. आज ती विचारत होती. शेवटच्या बाकावरच्या गटाने हे लावलं :

शाळा
वनवास
काय वाट्टेल ते होईल

वर्ग हसला, मीही हसले. पण मग मी त्यांना सांगितलं की 'वनवास' हे लंपनचं पुस्तक आहे, आजीआजोबांकडे वाढणाऱ्या मुलाचं. त्या गटातला एक मुलगा गावाहून मामाकडे शिकायला आला आहे. त्याने तासानंतर येऊन ते पुस्तक घरी नेण्यासाठी मागितलं. नोंदवहीत त्याच्या नावावर या वर्षातलं पहिलंच पुस्तक.

एक मुलींचा गट शेवटपर्यंत 'चौघीजणी'ला सोडेना, कारण त्या चौघी होत्या. त्यांनी शेवटी एवढंच ठेवलं :

चौघीजणी
उत्सुकतेने मी झोपलो

मी म्हटलं, व्याकरण बसत नाही, चौघीजणी 'झोपलो' कशा म्हणतील? त्यांतली एक म्हणाली, "बाई, चौघीजणी वाचता वाचता 'मी' झोपलो. मी म्हणजे आमचा दादा." शीर्षक आणि ओळ यांच्यामधे एक माणूस येऊन बसला. ('उत्सुकतेने मी झोपलो' ही श्याम मनोहरांची कादंबरी माझी स्वतःची होती, पेटीतली नव्हे. आणि चौथा नियम आज मोडला हे कबूल; आता वाचून घेतील.)

जुनी वही | सोमवार, संध्याकाळी ६.३०

सेक्टर सतरा ताई, त्या नोंदवहीतल्या एका नावासाठी मी तुमचा आभारी आहे.

ठाण्यातल्यांना एक सुचवतो. आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईच्या १८९८ च्या संग्रहालयाहून पाच वर्षांनी थोरलं. आपल्यापैकी कितीजण सभासद आहेत? घरच्या चाळीस पुस्तकांना शेजार हवा असेल तर तिथून आणता येतो. नवखा, हे खास तुमच्यासाठी.

घंटाळीकर, बांधाबांधीबद्दल : खोक्यात पुस्तकं उभी किंवा आडवी भरा, तिरपी नकोत, कणा मोडतो. जड खाली, पातळ वर. खोका भरताना छोटाच घ्या, मोठा भरला की उचलत नाही. भाड्याच्या जागेत भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल येते आणि ओलीबरोबर कसर. खाली पाट किंवा फळी घाला. कडुनिंबाचा वाळलेला पाला मधे मधे ठेवला तर चांगलंच.

तलावपाळी | सोमवार, रात्री ८.००

येत्या रविवारी सकाळी आठला मासुंदा तलावाच्या काठावर, गडकरी रंगायतनच्या बाजूला भेटायचं का? प्रत्येकाने पाच पुस्तकं आणायची, त्यांत एक तरी क्रियापद. चादर मी आणतो.

रबाळे नाका | सोमवार, रात्री ८.१०

येतो. माझी दोन टेबलावरून तशीच उचलून आणीन.

नवखा | सोमवार, रात्री ८.४५

माझं एकच क्रियापद, पण येतो.

घंटाळीकर | सोमवार, रात्री ११.१५

आम्ही दोघी येतो. आज एकतीस खोके भरून झाले. जुनी वही काकांनी सांगितल्याप्रमाणे छोटेच घेतले आणि प्रत्येकावर आईने मार्करने लिहिलं : कादंबऱ्या १, कादंबऱ्या २, नाटकं, आत्मचरित्रं, प्रवास. कवितांच्या खोक्यात चौदा पट्ट्या आपापल्या पुस्तकांतून वर आल्या आहेत. शेवटी एक लहान खोका उरला, बिस्किटांचा. त्यात पाटीपेन्सिल ताईंच्या यादीतली आमच्याकडे असलेली पाच आणि 'आहे मनोहर तरी' ठेवलं. त्यावर तिने लिहिलं, 'क्रियापदं'. टेम्पोत तो सगळ्यात शेवटी चढवायचा आहे, म्हणजे तिकडे आधी उतरेल.